तंबाखूच्या ढिगाचा वास

तंबाखूच्या पानाला बुरा, म्हणजे बुरशी, धरायच्या एक-दीड दिवस आधी ढिगाचा वास बदलतो. चांगला तापलेला ढीग काकवीसारखा वास देतो, गोडसर आणि नाकाला किंचित झोंबणारा. बिघडू लागला की त्यात भिजून अर्धवट वाळलेल्या पोत्याचा वास मिसळतो. सुरुवातीला तो इतका थोडा असतो की दुसऱ्यांदा हुंगलं तर सापडत नाही. हे मला अठराव्या वर्षी कळलं, आणि पुढचे वीसेक हिवाळे मी तेवढंच काम केलं. त्या दिवसांची आठवण निघाली की अजून अंग जड होतं. तरी एकदा लिहून ठेवते.

माझं माहेर बेळगावचं. वडील शाळामास्तर. आम्ही जैन, घरात तपकिरीची डबीसुद्धा नव्हती. पंधराव्या वर्षी लग्न होऊन मी बोरगावच्या बाजूला, निपाणीपासून गाडीवाटेनं दोन-अडीच तासांवर, एका शेतकरी घरात आले. तेही घर जैनच. घरात तंबाखू कुणी तोंडात धरत नव्हतं, पण शेतात सगळीकडे तंबाखूच. पहिल्या हिवाळ्यात वाळणाऱ्या पानाच्या वासानं मला सारखी मळमळ व्हायची. सासूबाईंना मी आत्ती म्हणत असे. त्या म्हणायच्या, "व्हईल सवं. मलाबी झालीती." सवय झाली नाही. नाक तसंच तिखट राहिलं, आणि पुढं त्याचाच मला जाच झाला.

सासऱ्यांना सगळा गाव आप्पा म्हणायचा. मी मामंजी म्हणायची. ते उंच, कमी बोलणारे होते. आसपासच्या चार गावांत त्यांच्या नाकाचं नाव होतं. पान शेतात वाळलं की पहाटेच्या दवानं ते जरा मऊ पडतं, तेव्हाच गोळा करावं लागतं. उन्हात हात लावला तर चुरा होतो. म्हणजे पानाला थोडी ओल हवीच. आणि तीच ओल ढिगात जास्त गेली की बुरा. एवढ्या बारीक फटीतून सगळं पीक न्यायचं असतं. ढीग लावून वर पोती टाकली की दोन-तीन दिवसांत आतून ऊब धरते. कधी तो फोडून आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत करायचं, हे ज्याला कळलं त्याचं पान वाचलं. मामंजी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर पान काढून नाकाशी धरायचे, आणि डोळे मिटून क्षणभर थांबायचे. मग म्हणायचे, "आज ऱ्हाऊ दे," नाहीतर, "फोडा." त्यावर कुणी प्रश्न विचारत नसे. शेजारच्या गावांतून लोक गाडी घेऊन त्यांना न्यायला यायचे.

आत्तींचा बुऱ्यावर वेगळाच राग. त्यांच्या लेखी बुरा म्हणजे जीव. दळलेलं पीठ किती दिवस वापरायचं, पापड कधी उन्हात टाकायचे, लोणच्याच्या बरणीला कोरडा हात कसा लावायचा, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. बुरा आलेलं काहीही जाळायचं नाही, चिरडायचं नाही, लांब सावलीत नेऊन ठेवायचं. तंबाखूचं बुरलेलं पानही त्या बांधाकडेला ठेवायला लावत. गडी हसायचे. त्या लक्ष देत नसत.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि तापाची साथ आली. पावसाळा सरत आला होता. आठ दिवसांत गावातल्या कितीतरी घरांची दारं बंद झाली. आमच्याकडे आधी आत्ती पडल्या, मग मामंजी. आमच्या ह्यांना ताप आला नाही. ते शेत आणि वैद्य यांच्यामध्ये धावत राहिले. मी दोन अंथरुणांमध्ये बसून पेज भरवायची. पाचव्या दिवशी दुपारी आत्ती गेल्या. मामंजींना शुद्ध नव्हती. त्यांना दोन दिवसांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ते उठले, हिंडू-फिरू लागले, पण जेवण कमी झालं. पुढ्यात येईल ते खायचे. भाजीत मीठ पडलं नाही तरी बोलायचे नाहीत. आम्हाला वाटलं, बायको गेल्याचं दुःख. स्वयंपाकघर माझ्यावर आलं, गोठा माझ्यावर आला, आणि शेतावर भाकरी न्यायचं कामही. अठराव्या वर्षी मला रोज संध्याकाळी पाठ टेकावीशी वाटायची, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची असत म्हणून ती टेकता येत नसे.

त्या हिवाळ्यात पान उत्तम आलं होतं. हातभर लांब पानं, त्यांवर पिकल्याचे ठिपके. ढीग लावायला आमच्याकडे एक मजूरबाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांना सगळे आक्का म्हणायचे. पान मांडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रत्येक पानाची मधली शीर त्या बोटांत वाकवून बघायच्या. शीर कट् करून मोडली तर पान ढिगात, नुसती वाकली तर परत उन्हात. "पान वाळलं तरी शीर लबाड असती," असं त्या मला म्हणाल्या होत्या. "पानी शिरंतच दडून बसतं. बुरा तितनंच निघतो."

ढीग लावून तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन शेतावर गेले. मामंजी ढिगापाशी उभे होते. त्यांनी हात घातला, मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले. "ब्येस हाय. अजून दोन दीस ऱ्हाऊ दे."

मी दहा पावलांवर होते. वारा माझ्याकडे येत होता आणि त्यात ओल्या पोत्याचा वास होता. मला वाटलं, वर टाकलेली पोती भिजली असतील. पण पोती कोरडी होती. आक्का ढिगापलीकडे उभ्या होत्या. त्यांनी मामंजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. सुनेनं सासऱ्यांना ढिगाविषयी काही सांगायची रीत नव्हती, आणि मला खात्रीही नव्हती. हे मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं, त्याला मोजमाप नाही.

दोन दिवसांनी ढीग फोडला. वरची वीतभर पानं सोन्यासारखी होती. मधून मात्र गरम, कुबट वाफ आली. पानं काळपट पडून एकमेकांना चिकटली होती आणि शिरांवर पांढरी लव उभी राहिली होती. अर्ध्याहून जास्त ढीग गेला होता. गडी, बायका, आमचे हे, सगळे भोवती जमले. मामंजी त्या पानांकडे नुसते बघत होते. मग ते आक्कांकडे वळले.

"दवाचं पान घातलंस तू. ओलं पान घातलंस."

"न्हाई आप्पा. शीर बघून बघून घातलंय."

"मग बुरा कुटनं आला? मी हुंगलं तवा चांगलं हुतं."

पदर खोचलेला होता तो आक्कांनी सोडला, विळा उचलला आणि बांधावरून चालत निघून गेल्या. मामंजींनी त्यांना जा म्हटलं नव्हतं, पण थांबही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत. आठवड्यात कळलं, निपाणीच्या एका वखारीत तंबाखू चाळायच्या कामाला लागल्या.

बुरलेलं पान आम्ही बांधाकडेला सावलीत नेऊन ठेवलं. आत्तींनी सांगितलेलं मी तेवढं पाळलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. सकाळची थंडी होती. मामंजी सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, शेगडीजवळ घोंगड्यावर बसले होते. मी आत पीठ मळत होते. एकाएकी लोकर जळाल्याचा असा वास आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धावत बाहेर आले. शेगडीतला निखारा घोंगड्याच्या टोकावर पडला होता. हातभर घोंगडं जळत गेलं होतं, धूर त्यांच्या पाठीमागून वर चढत होता, आणि मामंजी शांतपणे रस्त्याकडे बघत बसले होते.

मी ओरडले. त्यांनी दचकून मागं बघितलं. मी घागर उपडी केली. आग विझली. आम्ही दोघं त्या काळ्या, ओल्या भोकाकडे बघत राहिलो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"मामंजी," मी म्हणाले, "तुम्हाला वास येत नाही ना?"

त्यांनी घोंगड्याचं जळकं टोक नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"तापापास्नं." ते खाली बघत होते. "भाकरीला वास न्हाय, मातीला न्हाय. तुज्या आत्तीचं सुतक फिटलं तवा घरात कापूर लावलाता म्हनं. मला कायबी कळलं न्हाय. वाटलं, ईल परत. रोज सकाळी उठून बघतो."

"मग ढीग?"

"हातानं अंदाज घेतला. चुकला."

"आणि आक्का?"

त्यांनी डोळे मिटले, ढिगापाशी मिटायचे तसेच. "लोकं बघत हुती, पोरी."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कीवही. मी म्हणाले, "मला आला होता वास. तिसऱ्या दिवशीच. मी बोलले नाही." हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांना माझ्यात सुटकेची वाट दिसली होती.

ठरलं ते असं. मी रोज सकाळी ताक घेऊन ढिगापाशी जायचं. मामंजी हात घालून मूठ काढतील, नाकाशी धरतील, आणि मग मूठ सैल करून पान माझ्या बाजूला खाली टाकतील. मी वास घ्यायचा. ढीग ठीक असेल तर म्हणायचं, "ताक गोड आहे." बिघडायला लागला असेल तर, "ताक आंबट झालंय." मी एक अट घातली, आक्कांना परत बोलवायचं. ते म्हणाले, "बोलावतो."

त्यांनी बोलावलं नाही. मी महिन्यानं विचारलं. म्हणाले, "लोकं म्हनतील, का बोलावली? काय सांगू?" पुढच्या वर्षी विचारलं. ते उठून गोठ्याकडे गेले. मग मी विचारणं सोडलं, आणि ताक नेणं सोडलं नाही. माझी अट मोडली होती तरी मी माझं काम करत राहिले. घरचं पीक होतं, जाणार कुठं?

सुरुवातीला त्यात थोडी गंमतही वाटली, खोटं का सांगू. मी "आंबट" म्हटलं की पंधरा माणसं पोती ओढून ढीग फोडायला लागायची. पण ती गंमत एका हिवाळ्यापुरती. गावोगावचे लोक आप्पांना न्यायला यायचेच. आता ते म्हणू लागले, "सूनबाईचं ताक लागतं मला. ती येईल संगट." लोक हसायचे. म्हातारा सुनेच्या ताकावाचून हलत नाही, अशी चेष्टा व्हायची. मी गाडीत मागं बसून गडूवर फडकं धरून धक्के खात जायची. माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या आधीचे महिने हिवाळ्यात आले. उलट्या होत असताना मी लोकांच्या ढिगांचा वास घेतला आहे. एकदा परतताना गाडी थांबवून बांधावर वाकले, तेव्हा मामंजी खाली उतरून पाठ फिरवून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाची गाडी दारात होती आणि आम्ही तीतही बसलो.

रात्रंदिवस तो वास नाकात राहायचा. भाताला, केसांना, मुलांच्या कपड्यांना. माहेरी गेले की आई म्हणायची, "तुझ्या लुगड्याला तंबाखूचा वास येतो गं." मला खरं काही सांगता यायचं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मामंजींनी तसं वचन घेतलं होतं. नवऱ्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवायची, तीही त्यांच्याच वडिलांसाठी, यानं मी आतून थकत गेले. ते साधे होते. "आप्पांचं नाक म्हंजे नाकच," असं अभिमानानं बाजारात सांगायचे आणि मी मान खाली घालायची.

दहा-बारा वर्षं अशी गेली. मग एका वर्षी ऐन पान वाळायच्या दिवसांत आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, पण चार दिवस ऊन नाही, वारा नाही. सगळीकडे नुसतं दमट. गावातल्या सगळ्यांचे ढीग लागलेले होते. आणि मला पडसं झालं. साधं पडसं, पण नाक असं बंद की कांदा फोडून नाकाशी धरला असता तरी कळलं नसतं. आमच्या घरात कांदा नव्हता. मी हिंग हुंगून बघितला. काही नाही.

सकाळी ताक घेऊन गेले. मामंजींनी मूठ खाली टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "ताकाचं मला काही कळत नाही आज."

त्यांना समजलं. आजूबाजूला आठ-दहा शेतकरी उभे होते, आप्पा काय सांगतात म्हणून. मामंजींनी परत हात ढिगात घातला. या वेळी मूठ बाहेर काढली नाही. हात आतच ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "तू घाल हात." सगळ्यांसमोर. मी घातला.

"मनगटाला काय लागतंय?"

"ऊब."

"पंज्याला?"

"जास्त. चटका बसतोय. आणि तळवा ओला होतोय."

"वल आली म्हंजे पान घाम सोडाय लागलं. सुटला घाम तर वाळाय पायजे, न्हाईतर बुरा." ते लोकांकडे वळले. "फोडा. सगळ्यांचं सगळं फोडा. पातळ पसरा. ज्याची शीर मोडत न्हाय ते पान येगळं काढा, त्याची आशा धरू नका. छपरात, सोप्यात, देवळाच्या कट्ट्यावर, जागा मिळंल तिथं पसरा. ढीग परत लावाल तवा खाली बाभळीच्या फांद्या घाला, वारं खेळू द्या. न् लहान लावा. कमरंच्या वर नको."

तीन दिवस सगळा गाव पान उलटत होता. आमच्या सोप्यात, माजघरात, पाळण्याखालीसुद्धा पान पसरलं होतं. मी शिंकत, डोळे पुसत एकेक शीर वाकवून बघत होते. कट् वाजली की उजवीकडे, नाही वाजली की डावीकडे. बोटांची कातडी निघाली. चौथ्या दिवशी ऊन पडलं. बऱ्याच जणांचं थोडं थोडं पान गेलं, पण कुणाचा सगळा ढीग बुरला नाही.

त्या तीन दिवसांत मला जे कळलं ते इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. नाक उशिरा सांगतं. वास बदलला म्हणजे आत काहीतरी सुरू झालेलं असतं. हाताला ते त्याच्या आधी कळतं, आणि शिरेला तर सगळ्यात आधी. आक्का शीर बघायच्या. मामंजींच्या नाकाचं नाव झालं, पण तो पहिला बुरा धरेपर्यंत आमचे ढीग इतकी वर्षं आक्कांच्या बोटांनी राखले होते.

पाचव्या दिवशी लोक नारळ घेऊन आले. आप्पांच्या नाकानं गाव वाचवलं म्हणून. सोपा भरला होता. आमचे हे सगळ्यांना गूळ-पाणी देत होते. मामंजी उठून उभे राहिले.

"मला वास येत न्हाय," ते म्हणाले. "तापाच्या सालापास्नं येत न्हाय. एवढी वर्सं वास घेतला तो ह्या सुनंनं."

मग कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि सगळे हसू लागले. "आप्पा, लई मोठ्या मनाचं तुमी. सुनंला मान देताय!" एक म्हातारे म्हणाले, "ताकाचा गुन म्हना की!" आमचे हेसुद्धा हसत होते. मामंजींनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. मग ते खाली बसले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदरानं नाक पुसत होते. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. बसायला कुठं जागा मिळते का, एवढंच मी बघत होते.

सगळे गेल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "आप्पा असं का म्हनले गं?" मी म्हणाले, "कारण ते खरं आहे." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग जाऊन मामंजींच्या पायाशी बसले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्या हातातली कळशी घेतली आणि पाणी भरायला स्वतः गेले. गावानं ते बघितलं आणि त्यालाही लोक हसले. त्यांनी फिकीर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी गाडी जुंपायला सांगितली. "निपानीला. तूबी चल."

आक्का वखारीपासून थोड्या अंतरावर एका खोलीत राहत होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्या दारात बसून खोकत होत्या. वखारीतली धूळ छातीत बसली होती. चेहरा वाळून गेला होता, पण बोटं तशीच, चपळ. मामंजींना बघून त्या उठल्या आणि भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या.

मामंजी म्हणाले, "तुजी चूक नव्हती. मला वास येत नव्हता."

"ठावं हाय मला."

"कवापास्नं?"

"त्याच दिवशी. तुमी मूठ हुंगून चांगलं हाय म्हनला, न् मला ढिगापलीकडनं वास येत हुता. तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

आक्का जराशा हसल्या. "कुनी ऐकलं असतं, आप्पा? तुमच्या नाकापुढं माझं?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मलाही आला होता वास, आक्का."

"त्येबी ठावं हाय," त्या म्हणाल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

मामंजींनी त्यांना परत बोलावलं. त्या म्हणाल्या, आता वाकायला येत नाही, वाकलं की खोकला धरतो. ढीग बघायला नुसतं येऊन बसायलाही त्यांनी नकार दिला. मामंजी उंबऱ्याशी उभेच होते. मग म्हणाले, "जरा पानी दे."

आमच्या घरातल्या माणसानं दुसऱ्या जातीच्या मजुराघरी पाणी प्यायलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आक्कांनीही नसावं. त्या आत गेल्या. मडक्यावरून तांब्या भरल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही. वाकून बघितलं तर त्या धुतलेल्या लुगड्याचं टोक दुसऱ्या तांब्याच्या तोंडावर धरून पाणी गाळत होत्या. आमच्याकडे पाणी गाळून पितात, हे आमच्याकडे काम करून त्यांना माहीत होतं. मामंजींनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्यायले. परत येताना गाडीत ते पूर्ण वाटभर रडत होते. गाडीवान आमचाच गडी होता. तो पुढं बघत राहिला.

पुढं दर संक्रांतीला आमच्या घरून आक्कांना ज्वारी, गूळ आणि शेंगा जात. त्या घेत. पण आमच्याकडे कधी आल्या नाहीत.

गावाला मामंजींचं खरं कधीच पटलं नाही. लोक बोलवत राहिले, आणि आम्ही जात राहिलो. फरक इतकाच झाला की आता मी पुढं होऊन उघड हात घालायची आणि मामंजी लोकांना शिरा मोडून दाखवायचे. लोक त्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "त्ये खरं आप्पा, पन वास कसा हाय?" ते माझ्याकडे बघायचे. मी वास सांगायची. नाक माझं, हात माझा आणि नाव त्यांचं, अशी आणखी आठ-नऊ वर्षं गेली. मला नावाचं कधी काही वाटलं नाही. दर हिवाळ्यात सकाळी पाय गार मातीत ठेवून उभं राहायचं आणि कुणाचं तरी पीक वाचेल की जाईल ते सांगायचं, त्याचं ओझं वाटायचं. ज्यांचं गेलं त्यांचे चेहरे मला आठवतात. ज्यांचं वाचलं त्यांचे नाही.

मामंजी गेले ते उन्हाळ्यात, झोपेत. त्या हिवाळ्यात शेजारच्या गावची गाडी दाराशी आली. आता सूनबाईंनीच यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणाले, "शीर मोडून बघा. मोडत नसेल तर ढीग लावू नका. ढीग लहान ठेवा आणि रोज हात घाला. एवढंच आहे." त्यांना ते फार थोडं वाटलं. ते बराच वेळ बसून राहिले. मी उठून आत गेले.

मुलगे मोठे झाले होते. त्यांनी आणि आमच्या ह्यांनी मिळून ठरवलं, पान वाळवून घरात ठेवायचं नाही, वाळल्याबरोबर शेतावरूनच व्यापाऱ्याला द्यायचं. ढीग लावायचा तो त्यानं त्याच्या वखारीत लावावा. मला विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले. त्या वर्षी आमच्या खळ्यात पहिल्यांदाच ढीग नव्हता. सकाळी उठले, चूल पेटवली, भाकऱ्या केल्या, आणि मग काय करावं ते सुचेना. सोप्यात चटई टाकून उन्हाला जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा दुपार टळली होती आणि थोरली सून जेवायला उठवत होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठ दिवस मी दिवसाढवळ्या झोपत होते. सुना घाबरल्या, वैद्याला बोलावू का म्हणाल्या. आमचे हे म्हणाले, "झोपू दे तिला."